८० प्लस गोल्ड, पण किती तापमानाला?

संशोधनाची तयारी करताना आपल्याला पेपर चिकित्सकपणे वाचायला शिकवतात. सॅम्पल किती, कंट्रोल काय, एरर बार कुठे, हे प्रश्न पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या मुलांनाही पाठ असतात. पण हेच प्रश्न आपण लॅबमध्ये रोज वापरतो त्या वस्तूंना विचारत नाही. टेबलाखाली जो डबा असतो, ज्याला आपण सगळे सर्रास 'सीपीयू' म्हणतो, त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा पत्र्याचा डबा असतो: पॉवर सप्लाय. आपल्याकडचं चालू नाव एसएमपीएस. त्याच्यावर एक बिल्ला असतो, '८० प्लस ब्राँझ' किंवा '८० प्लस गोल्ड'. बहुतेक लॅबच्या खरेदीत एसएमपीएसची चिकित्सा या बिल्ल्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

आज या बिल्ल्याचीच समीक्षा करायची आहे. तो खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो एका चांगल्या मोजमापातून आलेला आहे. पण ते मोजमाप ज्या परिस्थितीत झालं ती परिस्थिती बिल्ल्यावरून गळून पडते, आणि उरलेल्या आकड्याला आपण 'दर्जा' समजतो. माझ्या मते संशोधनात शिरणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट पहिल्या वर्षातच नीट समजून घ्यायला हवी. आणि सलग नऊ-दहा दिवस चालणारं सिम्युलेशन ज्या मशीनवर लावायचं, त्या मशीनच्या बाबतीत तर हा प्रश्न अगदी रोखठोक आहे.

डब्यात नेमकं काय चालतं

थोडक्यात सांगते. भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतो. आधी फिल्टर, मग ब्रिज रेक्टिफायर. त्यानंतर ॲक्टिव्ह पीएफसी नावाचा टप्पा हा व्होल्टेज साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसीपर्यंत चढवतो आणि एका मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये साठवतो. पुढे मॉस्फेट हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, छोटा ट्रान्सफॉर्मर तो खाली आणतो, आणि दुसऱ्या बाजूला १२ व्होल्ट मिळतात. चांगल्या डिझाइनमध्ये ५ आणि ३.३ व्होल्ट हे त्या १२ व्होल्टपासून वेगळ्या छोट्या कन्व्हर्टरने बनवतात. जुन्या आणि स्वस्त डिझाइनमध्ये मात्र १२ आणि ५ व्होल्टचं नियंत्रण एकत्र बांधलेलं असतं. तिथे एका रेलवर भार जास्त आणि दुसरीवर कमी पडला, की दोन्हींचे व्होल्टेज एकमेकांना ओढत बसतात.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. रेक्टिफायर तापतो, मॉस्फेट तापतात, ट्रान्सफॉर्मरचं कोअर तापतं. ही सगळी उष्णता साधारण १५० × १४० × ८६ मिलिमीटरच्या डब्यातून एका पंख्याने बाहेर काढायची असते. त्यामुळे एसएमपीएसचं डिझाइन आणि त्याचं कूलिंग हे दोन वेगळे विषय नाहीत. सर्किट किती उष्णता तयार करतं आणि पंखा किती बाहेर काढतो, या दोन बाजू जुळवणं म्हणजेच डिझाइन.

८० प्लसचं श्रेय

टीका करण्याआधी श्रेय द्यायला हवं. ८० प्लस हा कार्यक्रम २००४ साली अमेरिकेत सुरू झाला. त्या काळी बाजारातले बरेच एसएमपीएस ७० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचे होते, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा फक्त डबा तापवण्यात जायचा. या कार्यक्रमाने एक सरळ अट घातली: पूर्ण क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के हवी. २००७ साली एनर्जी स्टारने कॉम्प्युटरच्या निकषात ही पातळी घेतली. २००८ पासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आल्या, पुढे प्लॅटिनम आणि टायटॅनियम. गोल्डसाठी ११५ व्होल्टवर या तीन भारांना ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता लागते.

याचा परिणाम खरोखर झाला. कंपन्यांना कार्यक्षमतेवर स्पर्धा करावी लागली, सर्किटची रचनाच बदलली. एखादं मोजमाप उद्योगाला असं ढकलू शकतं ही मोठी गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती या मोजमापाला आपण जे काम दिलंय त्याबद्दल.

अट कुठे गेली?

८० प्लसची चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत होते. बिल्ल्यावर हे लिहिलेलं नसतं. आता चंद्रपूर, अकोला किंवा नागपूरचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश. लॅबमध्ये एसी असला तरी रात्री बंद, आणि तुमचं सिम्युलेशन तर रात्रीच चालतं. शिवाय एसएमपीएस ज्या हवेत श्वास घेतो ती खोलीची हवासुद्धा नसते. ती कॅबिनेटच्या आतली हवा असते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डने आधीच तापवलेली. आणि आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला 'सीपीयू'साठी जो तीन बाजूंनी बंद कप्पा असतो, त्यात तर मागून बाहेर पडलेली गरम हवा वळून पुन्हा आत येते.

इंटेलच्या एटीएक्स डिझाइन गाइडमध्ये एसएमपीएसने ५० अंशांपर्यंतच्या हवेत काम करावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे इंजिनिअरांना ही परिस्थिती ठाऊक आहे. पण बिल्ला २३ अंशांचा आहे, आणि डब्यावरचे वॅट किती अंशांना मोजले हे अनेक कंपन्या ठळकपणे सांगत नाहीत. काही ५० अंशांना सलग भार देतात, काही ४० ला, तर काही स्वस्त डबे फक्त २५ अंशांना. '५५० वॅट' हा आकडा या तिघांवर सारखाच दिसतो. वस्तू मात्र तीन वेगळ्या आहेत.

दुसरी अट व्होल्टेजची. किरकोळ बाजारातला नेहमीचा बिल्ला ११५ व्होल्टवरच्या चाचणीचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. इथे मात्र फायदा आपला आहे: तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा लागतो, ब्रिज आणि पीएफसीमधला तोटा कमी होतो, आणि कार्यक्षमता थोडी वाढते. म्हणजे एकच बिल्ला आपल्याकडे व्होल्टेजच्या बाबतीत कमी सांगतो आणि तापमानाच्या बाबतीत जास्त. दोन चुका उलट दिशेच्या आहेत म्हणून त्या आपोआप कटतात असं समजू नका. पहिलीचा संबंध विजेच्या बिलाशी आहे, दुसरीचा आयुष्याशी.

तिसरी अट भाराची. चाचणी २० टक्क्यांपासून सुरू होते, १० टक्क्यांची अट फक्त टायटॅनियमला आहे. आता ७५० वॅटचा एसएमपीएस घ्या. त्याचे २० टक्के म्हणजे १५० वॅट. पण ग्राफिक्स कार्ड नसलेलं साधं मशीन थिसिस टाइप करताना जेमतेम ५० वॅट घेतं, म्हणजे ७ टक्क्यांहून कमी. तिथे गोल्डचा बिल्ला काहीच वचन देत नाही, आणि इतक्या कमी भारावर कार्यक्षमता हमखास घसरते, कारण कंट्रोल सर्किट आणि स्विचिंगचा ठरावीक तोटा तसाच राहतो. 'जास्त वॅटचा घेतला की सेफ' हा कोटेशन मागवताना हमखास मिळणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

दहा टक्क्यांचा खरा अर्थ

इथे एक छोटं गणित करू, कारण कार्यक्षमतेचा आकडा ऐकताना आपली फसगत होते. भार ५०० वॅट धरा. ९० टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून सुमारे ५५६ वॅट येतात, आणि डब्यात ५६ वॅट उष्णता होते. ८० टक्क्यांना ६२५ वॅट येतात, उष्णता १२५ वॅट. कार्यक्षमतेत फरक दहा टक्क्यांचा, पण उष्णता सव्वादोन पट!

आता पंख्याकडे या. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल लागतात. पंखा सेकंदाला १० लिटर हवा ढकलत असेल, तर ती दर अंशामागे १२ वॅट वाहून नेते. ५६ वॅटला हवा ५ अंशांहून थोडी कमी तापेल, १२५ वॅटला साडेदहा. दोन्हीकडे हवेची तापमानवाढ सारखी ठेवायची तर दुसऱ्या डब्यात सव्वादोन पट हवा हवी. एकाच पंख्यात हवेचा प्रवाह फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण आवाज फार वेगाने वाढतो: वेग दुप्पट केला की साधारण १५ डेसिबल. सव्वादोन पटीला १७-१८ डेसिबल.

म्हणजे कार्यक्षमतेची किंमत विजेच्या बिलापेक्षा शांततेत आणि थंडाव्यात जास्त आहे. बिलाचं बघायचं तर २०० वॅट भाराला ८५ आणि ९० टक्क्यांमधला फरक १३ वॅटचा. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस चालवलं तर सुमारे ३१ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला तीनशे-सव्वातीनशे रुपये. बिल्ला विकला जातो वीजबचतीच्या नावावर, पण एका मशीनपुरतं बघितलं तर त्याचा खरा लाभ उष्णतेच्या हिशेबात आहे. आणि तोच हिशेब बिल्ल्यावर नाही.

आयुष्य कोण मोजतो?

एसएमपीएसमध्ये सगळ्यात आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. आतलं द्रव इलेक्ट्रोलाइट हळूहळू सीलमधून उडून जातं, कपॅसिटन्स घटते, आतला रोध वाढतो, आणि आउटपुटवर रिपल वाढू लागतो. कॅपॅसिटरवर '१०५ अंश' लिहिलेलं असतं आणि त्याच्या डेटाशीटमध्ये त्या तापमानाचं आयुष्य, समजा २००० तास. नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ७५ अंशांना १६,००० तास, ६५ अंशांना ३२,००० तास. तोच कॅपॅसिटर ८५ अंशांच्या दर्जाचा असता तर ६५ अंशांना फक्त ८,००० तास. सलग चालणाऱ्या मशीनसाठी ८,००० तास म्हणजे एक वर्षसुद्धा नाही.

फिजिकल केमिस्ट्रीवाल्यांनी हा आऱ्हेनियसचा भाऊबंद ओळखला असेल. इथे एक गोष्ट तपासून बघण्यासारखी आहे. ६० वरून ७० अंशांवर जाताना दर दुप्पट व्हायचा तर ॲक्टिव्हेशन एनर्जी सुमारे ०.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. तीच एनर्जी ठेवून २५ ते ३५ अंशांचा हिशेब केला तर दर २.४ पट निघतो. म्हणजे 'दहा अंशाला दुप्पट' हा नियमसुद्धा एका तापमानाच्या पट्ट्यापुरता चालणारा अंदाज आहे. सोयीचा आहे, वापरा, पण त्याचीही अट लक्षात ठेवा.

आता समजा कॅपॅसिटर आत येणाऱ्या हवेपेक्षा २५ अंशांनी गरम राहतो. चाचणीच्या खोलीत तो ४८ अंशांवर असेल. मे महिन्यातल्या बंद कप्प्यात, जिथे आत येणारी हवा ४५ अंश आहे, तो ७० वर जाईल. २२ अंशांचा फरक म्हणजे आयुष्य साडेचार पटींनी कमी. पंखा वेग वाढवून यातला काही भाग सावरेल, पण मग तो आवाज करेल, धूळ जास्त ओढेल, आणि स्वतःच्या बेअरिंगचं आयुष्य खर्च करेल. दोन्ही डब्यांवर बिल्ला मात्र तोच, गोल्ड.

पंख्याचं राजकारण

पंखा कुठे बसवायचा आणि कोणीकडे फुंकायचा, यावर एटीएक्सच्या इतिहासात मतं बदलत गेली आहेत. १९९५ सालच्या मूळ एटीएक्समध्ये कल्पना अशी होती की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन थेट प्रोसेसरवर मारावी. एका पंख्यात दोन कामं. व्यवहारात हवा एसएमपीएसमधून आधीच तापून यायची आणि धूळही आत यायची, म्हणून दिशा उलटली. नंतर कित्येक वर्षं एसएमपीएस कॅबिनेटच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात बसून साऱ्या मशीनची गरम हवा बाहेर फेकत राहिला. म्हणजे मशीनमधली सगळ्यात गरम हवा सगळ्यात नाजूक कॅपॅसिटरांवरून न्यायची! पुढे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड स्वतःची हवा स्वतः काढू लागले, तेव्हा एसएमपीएस खाली सरकला आणि तळाच्या जाळीतून स्वतंत्र थंड हवा घेऊ लागला.

कागदावर हे उत्तम आहे. पण आपल्याकडे कॅबिनेट जमिनीवर असतं, फरशी रोज झाडली जाते, आणि तळाची जाळी महिन्याभरात धुळीच्या गादीने भरते. तळातून हवा घेणाऱ्या डिझाइनमध्ये जाळी बाहेर काढून धुता येते का, हा प्रश्न परदेशी परीक्षणात एका ओळीत संपतो. इथे तो पहिल्या पानावर यायला हवा.

तसाच 'झिरो आरपीएम'चा प्रकार. कमी भारावर पंखा पूर्ण थांबतो आणि जाहिरातीत शून्य आवाज लिहिता येतो. २३ अंशांच्या खोलीत हे ठीक आहे. पण पंखा कधी सुरू होणार हे कशावरून ठरतं? तापमानावरून, की फक्त भारावरून? थर्मिस्टर कुठे बसवलाय, मुख्य हीटसिंकवर की पलीकडे? हीटसिंक थंड आहे म्हणून पंखा थांबलेला, आणि दुसऱ्या टोकाचे कॅपॅसिटर मंदपणे भाजताहेत, असं होऊ शकतं. ज्या डब्यात हा मोड बंद करायचं बटण असतं तो गरम प्रदेशात जास्त शहाणा, असं माझं मत आहे.

आवाजाच्या आकड्यालाही अट असते. २० डेसिबल कुठून मोजले, एक मीटरवरून की अर्ध्या? मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात. अंतर न सांगता दिलेला डेसिबलचा आकडा आणि अट न सांगता दिलेली कार्यक्षमता, दोघांची किंमत सारखीच.

बिल्ल्यात न मावणाऱ्या गोष्टी

तापमान सोडलं तरी कार्यक्षमता हा एसएमपीएसच्या अनेक गुणांपैकी एकच गुण आहे. १२ व्होल्टच्या रेलवर ५ टक्क्यांच्या आत व्होल्टेज स्थिर राहतं का? रिपल एटीएक्सच्या १२० मिलिव्होल्टच्या मर्यादेपासून किती दूर आहे? वीज गेली तर किती वेळ तग धरतो?

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी जिव्हाळ्याचा. मोठा कॅपॅसिटर समजा ३९० मायक्रोफॅरडचा आहे आणि ३८५ व्होल्टपर्यंत भरलाय. तो ३०० व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत सुमारे ११ ज्यूल देतो. ५०० वॅटच्या भाराला ते जेमतेम २० मिलिसेकंद पुरतात. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, म्हणून ते निभतं. पण घरच्या इन्व्हर्टरवर मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं एक बटण असतं. नॉर्मलवर बदलाचा वेळ बराच जास्त, आणि मग लाइट गेली की मशीन रीस्टार्ट. एखाद्या कंपनीने दहा रुपये वाचवायला छोटा कॅपॅसिटर घातला, तर कार्यक्षमतेच्या बिल्ल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

संरक्षणाचंही तसंच. २०२१ साली गिगाबाइट कंपनीच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन एसएमपीएसवरून मोठा गदारोळ झाला. 'गेमर्स नेक्सस' या अमेरिकन परीक्षण चॅनेलने चाचणीत ते फुटताना दाखवले. दोन्हींवर ८० प्लस गोल्डचा बिल्ला होता, आणि कार्यक्षमतेच्या बाबतीत त्यात काही खोटं नव्हतं. प्रश्न होता जास्त भार आल्यावर बंद पडण्याच्या सीमेचा. कंपनीने ऑगस्ट २०२१ च्या निवेदनात ही सीमा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं. ७५० वॅटच्या डब्यासाठी ९००-११२५ वॅट होती ती ८२५-९०० वॅट झाली. ठरावीक अनुक्रमांकांचे डबे परत घेण्याची सोयही दिली. पण परीक्षकांची चाचणी दीर्घकाळ आणि वारंवार सीमेजवळ केलेली होती असंही त्यात म्हटलं होतं.

माझ्या दृष्टीने या वादातली शिकण्याची गोष्ट पुढची आहे. जो गुण मोजलाच नाही, त्यात वस्तू नापास झाली. बिल्ल्याने आपलं काम केलं होतं. बिल्ला बघून 'चांगला एसएमपीएस' असं म्हणणाऱ्यांनी न मोजलेल्या गुणांची हमी आपल्या मनाने जोडली होती.

परीक्षकांचंही परीक्षण

मग स्वतंत्र परीक्षणं वाचावीत का? जरूर. चांगले परीक्षक प्रोग्रामेबल लोड वापरतात, ऑसिलोस्कोपवर रिपल दाखवतात, डबा उघडून सोल्डरिंग आणि कॅपॅसिटरचे मेक सांगतात, आणि मुख्य म्हणजे एसएमपीएस गरम पेटीत ठेवून चाचणी करतात. सायबेनेटिक्ससारखी संस्था तीनच बिंदूंऐवजी शेकडो भारजोड्यांवर सरासरी कार्यक्षमता काढते आणि आवाजाचा वेगळा दर्जा देते. ही खरी प्रगती आहे.

पण त्यांच्याही मर्यादा ओळखा. सॅम्पल बहुतेक वेळा एकच, आणि बऱ्याचदा कंपनीनेच पाठवलेलं. एका नगावरून उत्पादनातला फरक कळत नाही. चाचणी तासांची किंवा दिवसांची, आयुष्य वर्षांचं. कॅपॅसिटरच्या ब्रँडवरून आयुष्याचा अंदाज बांधणं हा तर्क आहे, मोजमाप नव्हे. आणि दहापैकी ९.४ गुण असा शेवटी आकडा दिला की सगळ्या अटी पुन्हा एका बिल्ल्यात कोंबल्या जातात. गुण वाचायच्या आधी आलेख वाचा.

लॅबसाठी काय लिहायचं

आता मुद्द्याचं. पीएचडीला लागलात की वर्षभरात कधीतरी गाईड म्हणतील, "मशीनचं स्पेसिफिकेशन तू काढ." तेव्हा '४५० वॅट, ८० प्लस' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. त्या ओळीत बसणारी सगळ्यात स्वस्त वस्तूच तुमच्या दारात येणार आहे. एवढं लिहा:

सलग भाराचे वॅट, आणि ते किमान ४० अंशांच्या हवेत, शक्य असेल तर ५० अंशांत. १२ व्होल्टवर एकूण किती अँपिअर, कारण आजच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार त्याच रेलवर असतो. समजा ४५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअरच लिहिलेत, तर ते फक्त १९२ वॅट होतात. उरलेले वॅट तुम्ही कधीच वापरणार नसलेल्या रेलवर आहेत. मुख्य कॅपॅसिटर १०५ अंशांचा. जास्त करंट, जास्त व्होल्टेज, जास्त भार आणि जास्त तापमान, या चारही संरक्षणांचा उल्लेख. पूर्ण भाराला होल्ड-अप टाइम. वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त, कारण कंपनीचा स्वतःच्या आयुष्यमापनावर किती विश्वास आहे हे तिथे कळतं. आणि क्षमता प्रत्यक्ष भाराच्या साधारण दुप्पट, चौपट नाही.

मशीन आल्यावर त्याला टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी बंद करून जाळी साफ करा. या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि आत येणारी हवा दहा अंशांनी उतरली तर वरच्या हिशेबाने कॅपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. ब्राँझवरून गोल्डवर जाऊनही बहुधा इतका फरक पडणार नाही.

पेपर वाचतानाही हीच सवय लावा. कॅटॅलिस्टची ९५ टक्के सिलेक्टिव्हिटी, सोलर सेलची २२ टक्के कार्यक्षमता, मॉडेलची ९८ टक्के अचूकता: प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहा, कुठे, किती वेळ, कितव्या तापमानाला, किती नगांवर, आणि काय मोजलं नाही. उत्तर पेपरमध्ये सापडलं तर उत्तम. नाही सापडलं, तर सेमिनारमध्ये विचारायचा प्रश्न तुमच्याकडे तयार आहे.

आज लॅबमध्ये गेलात की मशीनची बाजूची प्लेट काढा आणि एसएमपीएसच्या लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. किती अँपिअर निघाले ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या लेखात त्यावर बोलू.